गाडी उचलण्याआधी काट्यावर न्या

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच विषयाची निघाली. फोर बाय फोर पिकअपला लिफ्ट किट, म्हणजे गाडी जमिनीपासून उंच करणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच, बसवू का, कोणतं बसवू, बसवल्यावर गाडी अशी का वागतेय. बाकीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलून या वेळी एवढंच घेतोय. कमानपाटे आणि शॉकअप हेच कराडात माझं तीस वर्षांचं काम, आणि माझ्याआधी वडिलांचं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न : माझ्याकडे २०१७ ची इसुझू व्ही-क्रॉस फोर बाय फोर आहे, सेकंडहँड घेतलेली. शेत मेढ्याच्या वर डोंगरात. शेवटचा दीड किलोमीटर कच्चा, मध्ये ओढा, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल. गाडी खाली घासते. एका दुकानदाराने चार इंची किट सुचवलंय : पुढं स्पेसर (शॉकअपवर बसणारा ठोकळा), मागं लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी पट्टी), बॉडीखाली ठोकळे. मुलगा म्हणतो, मोठे टायरही घालू. काय करावं?
– एक शेतकरी, ता. जावळी

उत्तर : तुमच्या पत्रात ‘खाली घासते’ एवढंच आहे. काय घासतं ते लिहिलेलं नाही, आणि सगळं उत्तर तिथंच अडकलंय. किटची चौकशी आठ दिवस थांबवा आणि आधी एक काम करा. ओढा कोरडा असताना गाडी खालून धुऊन वाळवा. घट्टसर चुना कालवून जुन्या ब्रशने गाडीच्या पोटाला लावा. पुढची संरक्षक प्लेट, गिअरबॉक्सखालचा आडवा मेंबर, डिझेलच्या टाकीचं कव्हर, मागच्या ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा, ॲक्सलला पाट्यांशी बांधणाऱ्या यू बोल्टची खाली आलेली टोकं, काही सोडू नका. चुना वाळला की नेहमीचं ओझं घेऊन नेहमीच्या वाटेने शेतावर जाऊन या. मग खाली पोतं टाकून आत शिरा आणि बॅटरी मारून बघा. जिथला चुना गेला, तिथं घासतंय.

एवढा खटाटोप कशासाठी ते सांगतो. तुमच्या गाडीला पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आहे : वर-खाली दोन आर्म, मध्ये कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप. मागं मात्र अखंड ॲक्सल आहे, कमानपाट्यांवर बसलेला. पाटे उंच केले की उचलली जाते ती पाट्यांच्या वरची गाडी. ॲक्सल चाकांना जोडलेला, तो जिथल्या तिथंच राहतो. चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर तुमचा मागचा गोळा घासत असेल, तर चार इंची काय नि आठ इंची काय, कोणतंही किट घाला, तो तेवढाच घासणार. त्याला वर आणतो फक्त टायर. तोही किती, बघा. २५५/६५ आर १७ या टायरचा व्यास साधारण ७६३ मिलिमीटर. मुलाला हवा असलेला टायर २६५/७० आर १७ चा असेल, तर तो ८०३. फरक ४० चा, पण गोळा उचलला जाणार त्याच्या निम्मा, म्हणजे २० मिलिमीटर. अंगठ्याच्या रुंदीएवढा. त्याबदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ वर असेल, घाटात गिअर एक खाली घ्यावा लागेल आणि पूर्ण वळवलेलं चाक मडगार्डच्या अस्तराला लागण्याची शक्यता आहे. गोळाच घासत असेल तर एक चाक उंचवट्यावर नि दुसरं कडेला ठेवून, चाकोरी दोन चाकांच्या मध्ये घेऊन चालवा. आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगून मधला उंचवटा फळीने ओढून घ्या. हा सल्ला फुकटचा आहे म्हणून कमी मोलाचा समजू नका.

चुना पुढच्या प्लेटचा किंवा मधल्या मेंबरचा गेला असेल तर मात्र गाडी उचलून फायदा होईल. पण तिथंही आधी फूटपट्टी. सपाट जागेवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा आणि चारही आकडे वहीत लिहा. तेच माप त्याच मॉडेलच्या, पाटे न बदललेल्या, फारशी न राबलेल्या गाडीवर घ्या. जुन्या पिकअपचे पाटे ओझ्याने दबून बसलेले असतात. माझ्याकडे आलेल्या कित्येक गाड्यांना ‘लिफ्ट’ नको होती, हरवलेली मूळ उंची परत हवी होती.

आता या सगळ्या लेखातली मला सर्वांत जवळची गोष्ट. गाडी काट्यावर न्या. ऊस, खडी, भंगार तोलायचा कुठलाही काटा चालेल. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. काट्याच्या अलीकडची-पलीकडची जमीन काट्याच्या पातळीत असलेली बघा, नाहीतर आकडा फसवा येतो. पुढचं अधिक मागचं हे एकूण वजनाशी जुळलं पाहिजे. हे दोनदा करायचं, एकदा रिकामी गाडी आणि एकदा नेहमीचं ओझं भरून. मागच्या वर्षी पाटणच्या एकांची गाडी आम्ही अशीच तोलली. रिकामी असताना पुढं ११४०, मागं ८१०. ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या आणि दोन माणसं चढली की मागं ११८०. त्या गृहस्थांना वाटत होतं आपण ‘दीड-दोनशे किलो’ नेतो. पावती हातात आल्यावर ते बराच वेळ तिच्याकडे बघत उभे होते.

ही पावती म्हणजेच तुमच्या किटची ऑर्डर. ओल्ड मॅन इमू, आयर्नमन, टफ डॉग, प्रोफेंडर, नाव कोणतंही घ्या, चांगला बनवणारा ‘उंची किती हवी’ याच्याबरोबर ‘गाडीवर कायम वजन किती’ हेही विचारतो आणि त्याप्रमाणे हलकी, मध्यम, जड स्प्रिंग देतो. कायम म्हणजे रोज अंगावर असलेलं. पुढं लोखंडी बंपर नि विंच असेल तर ऐंशी-शंभर किलो सहज वाढतात, तेव्हा पुढची स्प्रिंग जड लागते. ओझं आठवड्यातून एकदाच असेल तर मागं जडातले जड पाटे घालू नका. रिकाम्या गाडीत ते वाकतच नाहीत. चाक खड्ड्यात उतरायचं सोडून हवेत राहतं, मागची बाजू उड्या मारते आणि ओल्या मुरमावर पकड जाते. माझे वडील ट्रकचे पाटे बांधायचे. भट्टीत लाल करून, हातोड्याने पाट्याला कमान चढवायचे. ते म्हणायचे, पाटा गाडी उचलायला नसतो, ओझ्याखाली वाकून परत यायला असतो. तापवून कमान दिलेला पाटा पुन्हा नीट पाणी दिल्याशिवाय, म्हणजे तापवून-बुडवून कडक केल्याशिवाय, टिकत नाही, हेही त्यांच्याकडूनच शिकलो. जुन्याच पाट्यांना ‘कमान भरून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

आता दुकानदाराने सांगितलेल्या तीन गोष्टी.

पुढचा स्पेसर. स्वस्त आणि तासाभरात बसणारा, म्हणून सगळीकडे दिसतो. तुमच्या गाडीत शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, चाक मात्र आर्मच्या टोकाला. त्यामुळे शॉकअपच्या डोक्यावर २५ मिलिमीटरचा ठोकळा घातला की चाकाशी उंची ४५-५० ने वाढते. ठोकळ्याने चाकाची एकूण चाल वाढत नाही, ती नुसती खाली सरकते. चाक लोंबकळलं की वरचा आर्म, बॉल जॉइंट आणि पुढचा ॲक्सल शाफ्ट मूळ हद्दीच्या पलीकडे जातात. शाफ्टच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात, बूट फाटतो, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं आणि तिथून माती आत जाते. अशा गाड्यांचे बूट मी बदललेत, आणि उशीर झालेल्यांचे जॉइंटही.

मागचं लांब शॅकल. दोन इंचांनी लांब केलं तर उंची मिळते एकच इंच. शिवाय पाट्याचं एक टोक खाली गेल्याने ॲक्सलचा कोन फिरतो आणि वळणावर मागची गाडी बाजूला झुलते.

बॉडीखालचे ठोकळे. बॉडी आणि चेसिसच्या मध्ये ते बसतात. चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, टाकी सगळं होतं तिथंच. तुमच्या चुन्याला ते कळणारही नाहीत. आणि स्टिअरिंगचा दांडा, डिझेल भरायची नळी, पुढचा बंपर यांची जुळणी मात्र बिघडते. तुमच्या कामाला हे नको.

चुना पुढचा गेला असेल आणि पाटे बसलेले निघाले, तर तुमच्यासाठी माझी निवड अशी : पुढं वजनाला जुळणारी पूर्ण स्प्रिंग, उंची ४० मिलिमीटरच्या आसपास. मागं मध्यम ताकदीचे नवे पाटे, उंची ३०-४०. चारही शॉकअप त्याच किटचे, त्या उंचीला बनवलेले. उंची ५० च्या पुढं नाही. ५० पर्यंत गेलात तर वरचे आर्मही बदलायची तयारी ठेवा. आणि एक लक्षात ठेवा, जड पाटे घातल्याने आरसीवरचं एकूण वजन वाढत नाही. ॲक्सल, ब्रेक, चेसिस तेच आहेत.

प्रश्न : लिफ्ट किट बसवलं तर आरटीओ किंवा पोलीस हरकत घेतात का? दुकानवाले म्हणतात, उंची आरसीवर नसतेच.
– वाचक, पुणे

उत्तर : उंची आरसीवर नसते हे खरं, पण त्यावर विसंबू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील आणि उत्पादकाने ठरवलेला तपशील यांत तफावत येईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच कलम काटेकोर वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ बदललं. विनापरवानगी बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुढचा लोखंडी बुलबार तर वेगळाच विषय. त्याच्यावर कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय.

म्हणून काम करण्याआधी आरटीओत लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पॉलिसीवर तशी नोंद करून घ्या. अपघातानंतर सर्व्हेअरने वेगळे पाटे पाहिले आणि कागदावर काही नसलं, तर दाव्यात अडचण येते. बसलेले पाटे काढून त्याच उंचीचे, योग्य ताकदीचे नवे बसवणं ही दुरुस्ती आहे, आणि निम्म्या गाड्यांचं काम तेवढ्यानेच होतं. नुसत्या दिसण्यासाठी चार-सहा इंच उचलायची गाडी मी हातात घेत नाही. उंची वाढली की गाडीचा तोल वर जातो, चाकांमधली रुंदी तीच राहते. कुंभार्ली घाटात अचानक समोर गाय आली आणि स्टिअरिंग झटक्यात वळवावं लागलं, तर गाडी उभी राहणार की आडवी होणार हे या दोन मापांवर ठरतं.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमा केलाय. पाने, जॅक आहेत. टोयोटा हायलक्सला किट घरच्या अंगणात मित्राच्या मदतीने बसवू का?
– वाचक, इस्लामपूर

उत्तर : मागचे पाटे आणि शॉकअप बसवा. पुढचा शॉकअप गाडीतून काढा नि घाला. पण कॉइल स्प्रिंग दाबून त्याच्यावर चढवायचं काम घरी करू नका. ते सुटे भाग घेऊन प्रेस असलेल्या गॅरेजमध्ये जा आणि तेवढं करून घ्या.

वडिलांच्या दुकानात आम्ही कॉइल तारेने बांधून दाबायचो. सगळेच तसं करायचे. एका दुपारी तार तुटली. स्प्रिंग कुठं गेली ते कुणाला दिसलंच नाही, पत्र्याला भोक पडलेलं नंतर सापडलं. तिथं उभ्या असलेल्या आमच्या कारागिराचं मनगट तीन ठिकाणी मोडलं होतं. त्यांना त्या हाताने पुन्हा हातोडा धरता आला नाही. त्या दिवसापासून आमच्या दुकानात कॉइल प्रेसमध्येच दाबली जाते, आणि दाबताना समोर कुणी उभं राहत नाही.

आता बाकीचं. जागा सिमेंटची, सपाट. जॅकवर गाडी उचला, पण काम घोडीवर (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) करा, चेसिसखाली दोन घोड्या. न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. सगळ्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

पुढं : स्टॅबिलायझरची (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या, गाडीचा झोल कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक दोन्हीकडची सोडवा, एकाच बाजूची सोडवली तर ती ताणून धरते. कॅलिपर काढलात तर तारेने चेसिसला अडकवा. ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. एबीएसची वायर क्लिपमधून आधी मोकळी करा. वरचा बॉल जॉइंट सुटला की हब बाहेर झुकतं. तेव्हा मित्राने ते धरून ठेवायचं, नाहीतर शाफ्ट आतून निखळतो आणि अर्धा दिवस तिथंच जातो.

मागं : ॲक्सलखाली वेगळा जॅक द्या. यू बोल्ट सोडवले की ॲक्सल फिरू पाहतो. एका वेळी एकच बाजू करा. नव्या पाट्याचा सेंटर बोल्ट ॲक्सलच्या भोकात बरोबर बसलाय हे बोट लावून बघा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. यू बोल्ट नवेच. जुने एकदा ताणले गेलेले असतात.

आता जी चूक शिकलेली माणसंही करतात ती. पाट्यांच्या आणि आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी घोडीवर असताना पूर्ण आवळू नका. हाताने घट्ट करा, चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, पुढून-मागून दाबून हलवा, चार पावलं पुढं-मागं ढकला आणि मग गाडीच्या मॅन्युअलमधला टॉर्क पान्याने द्या. रबरी बुश लोंबकळत्या स्थितीत आवळला की गाडी उतरल्यावर तो कायम पिळलेला राहतो. महिन्याभरात कुरकुर, वर्षात फाटलेला बुश, आणि मधल्या काळात गाडी ठरलेल्या उंचीवर बसतच नाही. प्रत्येक आवळलेल्या नटावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढा, नटावरून बोल्टपर्यंत. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क लावायचाच. रेघ तुटलेली दिसली तर कुठला नट सैल झाला ते लगेच कळतं.

त्याच दिवशी अलाइनमेंट करा, आणि टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली) एवढंच बघून परत येऊ नका. कास्टरचा आकडा छापून मागा. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हँडल सोडलं तरी ती काही अंतर सरळ जाते. गाडीत तेच काम कास्टर करतो. पुढची बाजू उचलली की तो कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही आणि हायवेवर गाडी भरकटते. मूळ आर्मच्या समायोजनात तो जुळत नसेल तर वरचे आर्म बदलायचे किंवा उंची कमी करायची.

शेवटी हेडलाइट खाली करा. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून, काम करण्याआधी भिंतीवर उजेडाची खूण करून ठेवली असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांसाठी तेवढं कराच.

प्रश्न : दोन इंची किट बसवल्यापासून गाडी सुटताना, २० ते ४० च्या वेगात, सीटखाली थरथर जाणवते. पुढं गेल्यावर थांबते. गॅरेजवाला म्हणतो टायर बॅलन्स करा. दोनदा केले, फरक नाही. ब्रेकही पूर्वीसारखा वाटत नाही.
– वाचक, दापोली

उत्तर : टायरचा बॅलन्स सहसा ८०-१०० च्या पुढं बोलतो. तुमची थरथर प्रोपेलर शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या ॲक्सलला पोचवणाऱ्या दांड्याची, आहे. लांब पिकअपमध्ये तो दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंग चेसिसला टांगलेलं असतं. मागं गाडी उचलल्याने चेसिस वर गेली, तिच्याबरोबर बेअरिंगही वर गेलं, ॲक्सल मात्र खाली राहिला. जोर देऊन गाडी सुटते तेव्हा पाटे थोडे पिळतात आणि क्रॉसच्या (शाफ्टच्या वळत्या सांध्यांच्या) कोनांचा मेळ सुटतो. सेंटर बेअरिंग आणि त्याच्या कंसामध्ये १०-१५ मिलिमीटरचे स्पेसर घालून ते खाली आणा. त्याआधी बेअरिंगचं रबर फाटलंय का आणि शाफ्ट जुळवताना दोन्ही तुकड्यांवरच्या मूळ खुणा समोरासमोर आहेत का, एवढं बघून घ्या. कधीकधी तेवढंच चुकलेलं असतं.

ब्रेकचं मात्र हे उत्तर वाचल्या दिवशीच बघा. काही पिकअपमध्ये चेसिसवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची काडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. ओझं वाढून गाडी खाली बसली की तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. किट बसवल्यावर गाडी उंच झाली, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी कायम रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीलाही मागचा ब्रेक कमी मिळतो. तुमच्या गाडीला तो असेल तर काडीचा कंस वाढलेल्या उंचीएवढा सरकवावा लागतो. मागच्या ब्रेकची रबरी नळी, हँडब्रेकची केबल आणि ॲक्सलच्या ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळी यांनाही, चाक पूर्ण लोंबकळत असताना, बोटाने दाबून ढील आहे का बघा. हे होईपर्यंत गाडीत ओझं भरून खेडच्या बाजूचा उतार उतरू नका.